शुभीच्या ग्रहाची साखर

शुभी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालमच्या एसटीत होतो. कावीळ एवढी विकोपाला जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं... कंडक्टर तिकीट विचारत होता आणि मी त्याला गाडी थांबवायला सांगितलं.

माझी ही चुलत बहीण वालूरची. पुण्यात राहून ती दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांवरच्या हवेचा अभ्यास करायची. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या कडेच्या हवेतून गाळून येणारा उजेड तपासायचा आणि तिथं काय आहे ते ओळखायचं, असं तिचं काम. एका छोट्या तांबड्या ताऱ्याच्या ग्रहावर पाण्याची वाफ दिसतेय, असं ती एकदा फोनवर बोलून गेली. काकांना कुठला धीर निघतोय! आनंदाची बातमी आली की घरोघर साखर, ही आमच्याकडची रीत. लेकीला पाणी सापडलं म्हणून त्यांनी अख्ख्या गल्लीत साखर वाटली.

पुढं शुभी गावी आली ती उतरल्या चेहऱ्यानं. निरीक्षण चालू असतानाच तो तारा भडकला होता. असले तारे सारखे भडकतात, उजेडाचा पोतच बदलून टाकतात; मग वाफेची खूण ग्रहाची की ताऱ्याची, हे वेगळं काढता येत नाही. ओसरीवर बसून ती काकांना म्हणाली, "आबा, चुलीम्होरून पाखरू उडालं अन् तेवढ्यात जाळ भडकला, तर पाखराचा रंग कसा सांगताल तुमी?"

"मंग वाटलेली साखर परत मागू का आता?" काका चिडले.

"न्हाई. पर आमी पुन्हा बघायलोत. खात्री झाली की वाटा."

तिनं स्वतः एक डबा साखरेनं भरून वरच्या फळीवर ठेवला. मग घरोघर जाऊन बातमी कच्ची असल्याचं सांगून आली. लोक हसले. ती एकदाही हसली नाही.

दुसऱ्या निरीक्षणाची वाट बघतच ती गेली. परवा तिच्याबरोबर काम करणाऱ्या सोबतिणीचा फोन आला. याही वेळी तारा भडकलाय; पाणी आहे म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी अजून कायच न्हाई?" मला त्या ताऱ्याचा मनापासून राग आला. घटकाभर शांत बसायला काय झालं होतं त्याला...

भेटायला माणसं अजून येतात. काल चहाला साखर संपली, तेव्हा एका पाहुणीनं फळीवरचा तो डबा खाली काढला. शुभीची आई, म्हणजे काकू, एकदम ओरडली, "त्याला हात लावू नगं! ती खात्री झाल्यावर वाटायची हाय."

डबा परत फळीवर गेला. आम्ही सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला.