तुळसाआत्तेचं सुंभ

माझी तुळसाआत्ते पूर्णगडची. खाडीत कुजवलेली नारळाची सोडणं कुटायची, काथ्या काढायचा नि सुंभ वळायचं, हे तिचं काम. दिवसभर उकिडवं बसणं. म्हणून गुडघा सुजला तेव्हा सगळे म्हणाले, लचकला असेल.

गावात हाडं बसवायला भिकाजी. तो रोज तेल लावून गुडघा रगडी आणि वर सांगे, "उतरली गो तुळसे, सूज उतरली!"

आत्तेला पटेना. तिने आपलं एक सुंभ गुडघ्याभोवती लपेटलं आणि टोक टेकलं तिथे तांबडा धागा बांधला. गाठ मारली तर सुंभ आखडतं, हे तिला कोणी शिकवायला नको. दर पुनवेला नवा धागा. तिसऱ्या पुनवेला तिने ते भिकाजीच्या नाकासमोर धरलं.

"मेल्या, हे बघ कुठवर आलं! म्हणे उतरली!"

चोळणं बंद झालं. पुढचे चार धागे एकमेकांजवळ पडले, पण पुढेच पडले.

शिमग्याला माझे वडील, काशीराम, मुंबईहून आले. बहीण लंगडताना बघून त्यांनी तिला आगबोटीत घातलं नि मुंबईच्या इस्पितळात नेलं. साल सत्तावीस असेल. डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला.

"लचक नव्हे, हाडात गाठ आहे. भराभर वाढणारी असेल तर पाय मांडीत कापावा लागेल. सावकाश वाढणारी असेल तर हाड कोरून कमरेचं हाड आत भरू. कशी वाढली, सांगता येईल?"

आत्तेने कनवटीचं सुंभ काढलं.

डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं नि वहीत मांडलं. "पहिले तीन लांब लांब, मग जवळ. असं का?"

"पहिले भिकाजीच्या चोळण्याचे. नंतरचे माझे."

डॉक्टर हसले, पण नुसत्या सुंभाचं थोडंच ऐकणार? हाडाचा कपचा काढून तपासायला दिला. चार दिवस आत्ते दिसेल त्याला बजावत होती, "पाय कापायला याल तर आधी माझं सुंभ बघा."

कपच्यानेही तेच सांगितलं, गाठ सावकाश वाढणारी. हाड कोरून भरलं, पाय राहिला.

निघताना डॉक्टर म्हणाले, "ही गाठ उलटते. दरवर्षी या. माणसं बरी झाली की फिरकत नाहीत, मेली तर कोणी कळवत नाही. मग पुढच्याचा पाय कापायचा की राखायचा, मी कशावरून ठरवू?"

आत्तेला ते लागलं. नारळी पुनवेनंतर बोटी सुरू झाल्या की ही निघालीच. गुडघा पुरता वाकेना, म्हणून ओंडक्यावर बसून काथ्या कुटी, पण वारी... छे, वारी कसली, हजेरी चुकवली नाही. नवे धागे एकाच जागी बसून तिथे तांबडा गोंडा झाला.

दहाव्या वर्षी डॉक्टरांनी गोंडा चाचपला. "तुळसाबाई, आता नाही आलात तरी चालेल."

"तुमच्या वहीतले बाकीचे येतात?"

डॉक्टरांनी वही उघडून दाखवली, बरीच पानं कोरी.

आत्तेने पिशवीतून सुंभाची जुडी काढून टेबलावर ठेवली. "ही वीस आहेत. एकेका रोग्याला द्या, मोजून दरसाल घेऊन या म्हणावं. आणि सांगा, गाठ मारू नका, धागा बांधा."