आभाराचा दगड

मुकादमबाईंना आभार मानणाऱ्या माणसांचा मनापासून तिटकारा होता, आणि वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की अशा माणसांचा नुसता सुळसुळाट होई. एरवी तुम्ही जिवंत आहात की गेलात याची ज्यांना खबर नसते, ती माणसं या दिवसांत छातीवर हात ठेवून तुमच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघतात. बाई एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईघरात मुकादम होत्या. वॉर्डांतून येणाऱ्या मळक्या चादरींच्या पोत्यांतून काय काय निघतं ते त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं, त्यामुळे माणसांच्या परीटघडीला त्या सहसा भुलत नसत.

वडील गेले तेव्हा कॉलेज सोडून त्या या तळघरात उतरल्या आणि तिथेच राहिल्या. धाकट्या भावाचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं, गच्चीवाला फ्लॅट झाला. बाईंचं लग्न मात्र सगळ्यांच्या लक्षातून राहून गेलं. पुढे आईची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा ती कुणाकडे राहणार हा प्रश्न निघालासुद्धा नाही. ताईला हे सगळं येतं, ती इस्पितळातच असते ना, असं भाऊ म्हणाला. इस्पितळात बाई चादरींना अंघोळ घालत होत्या, माणसांना नव्हे, पण एवढा फरक करायला भावाला सवड कुठली. त्याने त्या दिवशी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे पुसले आणि तोंड भरून आभार मानले. तेव्हापासून तो न चुकता आभार मानत आला होता. आईला मात्र त्याने एकदाही पलंगावरून उचललं नव्हतं.

खरं सांगायचं तर बाईंनीही जन्मात कुणाचे आभार मानले नव्हते. हाताखालच्या बायकांचं काम चोख झालं तर त्या फक्त "हं" म्हणत, आणि तेवढ्या "हं"वर त्या बायकांचा दिवस चांगला जाई. उन्हाळ्यात चादरींना इस्त्री करणारं रुळांचं मोठं यंत्र बंद पडलं. तेव्हापासून सगळ्या इस्पितळाच्या चादरी हाताने इस्त्री होऊ लागल्या. दिवसा हातात जड इस्त्री, घरी गेल्यावर आईला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं, आणि व्हायचं तेच झालं. बाईंचा उजवा खांदा कामातून गेला. पहिल्यांदा त्यांच्या हातून इस्त्री निसटली, तेव्हा शेजारच्या बाईने ती उचलली, मुकादमबाईंना घड्या घालायच्या टेबलाकडे जायची मानेनेच खूण केली आणि स्वतः इस्त्री फिरवायला लागली. चादरीची दोन टोकं धरून दोघींनी समोरासमोर चालत यायचं, तर घडीचं वजन ज्या हातांवर येतं ते टोक रोज कुणीतरी आपणहून धरू लागलं. याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंना माणसं अशी आवडत.

वरच्या मजल्यावरच्या माणसांची तऱ्हा वेगळी. सुट्ट्यांच्या तोंडावर इस्पितळाने कृतज्ञता सप्ताह साजरा केला. त्यानिमित्त अधीक्षक लिफ्टने तळघरात उतरले. सोबत फोटो काढणारा होता आणि बिल्ल्यांनी भरलेला खोका होता. वाफेने अधीक्षकांच्या चष्म्यावर धुकं साचलं, त्यामुळे पुढचं सगळं भाषण त्यांनी यंत्राकडे बघून केलं.

"तुम्ही या संस्थेचा कणा आहात," ते म्हणाले.

"साहेब, रुळाचं काय झालं?" मुकादमबाईंनी विचारलं.

"आज आपण तक्रारी बाजूला ठेवू. आज फक्त आभार."

मग त्यांनी प्रत्येकीच्या छातीवर एकेक बिल्ला टोचला. त्यावर 'आम्ही तुमचे ऋणी आहोत' असं लिहिलं होतं आणि खाली हसरा सूर्य होता. फोटो निघाला, टाळ्या झाल्या, मंडळी वर गेली. बाईंनी बिल्ला काढला आणि नाडी तुटलेल्या एका पोत्याचं तोंड बंद करायला वापरला. पिन चांगली मजबूत होती.

खांदा त्यांनी वरच्याच डॉक्टरला दाखवला. आतला स्नायू फाटला होता. सुट्ट्यांत शस्त्रक्रिया कमी असतात, म्हणून लगेचचा सोमवार मिळाला. त्यानंतर दोन महिने काही म्हणता काही उचलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं. आता टाळलंत तर हा हात पुन्हा खांद्याच्या वर जाणार नाही, हेही सांगितलं. हात गेला की नोकरी गेली, आणि आईला वळवणारं तरी मग कोण उरलं? म्हणजे दोन महिने आईला कुणीतरी ठेवून घ्यायला हवं होतं, आणि हे कुणीतरी म्हणजे जगात एकच माणूस होता. बाईंनी भावाला फोन करून हे सगळं सांगितलं.

"ताई, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत गं," भाऊ म्हणाला. "खोटं नाही सांगत, रोज झोपताना मी मनातल्या मनात तुझे आभार मानतो."

"ते राहू दे. आईला नेतोस का?"

"बघू या ना. सुट्टीत जेवायला येतेयसच. असलं काही फोनवर नको बोलायला."

चार दिवसांनी बाईंनी पुन्हा फोन केला, तर तो भावजयीने घेतला. भावजयीचा आवाज मऊ होता. हल्ली तर तो फारच मऊ झाला होता, कारण ती एका कृतज्ञता शिबिराला जाऊन आली होती.

"ताई, तुमच्यासारखं आईंचं करणं आम्हाला कुणाला साधणार? ती देणगीच असते एकेकाची. मी तर शिबिरात सगळ्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. बायका रडल्या हो."

"रडून झाल्यावर एखादी येते का आईला उचलायला?"

भावजय समजुतीने हसली. तिच्या मते बाईंच्या मनात कटुता साठली होती आणि त्यावर दीर्घ श्वास हा उपाय होता. तिने फोनवरच दोन श्वास घेऊन दाखवले.

बाईंनी फोन ठेवला. राग येऊन गेला होता, आता नुसती शिसारी उरली होती. एखाद्याने सरळ नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ही माणसं नाही म्हणत नव्हती. ती तुमच्या पाठीवर हात फिरवत फिरवत तुम्हाला दाराबाहेर नेऊन सोडत होती.

जेवणाच्या दिवशी सकाळी बाईंनी मोठी प्रवासी पिशवी काढली आणि डाव्या हाताने आईचे कपडे भरायला घेतले. आईची जीभ जड झाली होती, पण कान आणि अक्कल दोन्ही शाबूत होती. ती पलंगावरून बघत होती.

"एवढे कपडे?" तिने विचारलं.

"हो."

आईने थोडा विचार केला. "उशी घे माझी. त्यांच्या उश्या फुगीर असतात."

बाईंनी उशी घेतली. दोघींनी या विषयावर आणखी काही बोलायची गरज नव्हती.

भावाच्या घरी टेबल मांडलं होतं. मेणबत्त्या होत्या, घड्या घातलेले कापडी रुमाल होते. घड्या वाकड्या होत्या, ते बाईंनी आत शिरल्या शिरल्या पाहून घेतलं. मधोमध सुपाचं मोठं भांडं वाफाळत होतं आणि त्याच्या शेजारी एका बशीत दगड होता. चांगला मुठीएवढा, काळा, गुळगुळीत. भावाने आईची चाकाची खुर्ची टेबलाशी लावली आणि बाईंनी चाकांचा ब्रेक लावला. पिशवी पाहून तो म्हणाला, "केवढं सामान आणलंस गं एका जेवणाला." आणि पिशवी दाराशी ठेवून आला.

भावजयीने दगडाचे नियम सांगितले. हा कृतज्ञतेचा दगड. तो ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. आभाराखेरीज काही बोलायचं नाही. ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही, शंका काढायची नाही, कारण कृतज्ञता ही चर्चा करायची गोष्ट नाही. बोलणाऱ्याचं झालं की सगळ्यांनी म्हणायचं, "स्वीकारलं." त्यानंतरच त्याच्या वाटीत सूप पडणार. शिबिरात म्हणे याने संसार सावरले होते.

"माघार नाही हं," भावजय बोट उगारून लाडिकपणे म्हणाली. "एकदा स्वीकारलं म्हणजे स्वीकारलं. त्यातच तर याची ताकद आहे."

दगड आधी भाचीकडे गेला. ती कॉलेजात जाणारी, जरा शिष्ट पण सरळ मुलगी होती. तिने नव्या फोनचे आभार मानले आणि वाटी पुढे केली. स्वीकारलं. मग भावजयीने डोळे मिटले. तिने सूर्याचे आभार मानले, श्वासाचे मानले, गच्चीचे मानले, तिला घडवणाऱ्या दुःखांचे मानले. तिला घडवणारं दुःख कोणतं हे बाईंना आठवेना. गच्चीला एकदा गळती लागली होती, तेवढंच. स्वीकारलं. भाचीचं सूप थंड होत चाललं होतं.

भावाने दगड दोन्ही हातांत धरला आणि त्याचा आवाज ठरल्याप्रमाणे भरून आला.

"मी माझ्या ताईचा आभारी आहे," तो म्हणाला. "तिने माझ्यासाठी शिक्षण सोडलं. आईला फुलासारखं जपलं. ती आहे म्हणून आम्ही सुखाने जगतो. आणि मला खात्री आहे, ती कायम अशीच आईच्या पाठीशी उभी राहील. त्याबद्दलही मी आत्ताच तिचे आभार मानतो."

केलेल्याचे आभार ठीक होते. या पठ्ठ्याने न केलेल्याचेही आगाऊ मानून टाकले होते. म्हणजे सोमवार गेला, खांदा गेला, आणि वर सगळ्यांनी मिळून त्यावर शिक्का मारायचा.

"स्वीकारलं," भावजय म्हणाली. "स्वीकारलं," भाची म्हणाली. बाई गप्प राहिल्या, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भावाने डोळे पुसले, सूप घेतलं आणि दगड बहिणीच्या हातात दिला.

दगड चांगला जड होता. बाईंनी तो डाव्या हातात घेतला आणि धुलाईघरात बोलत तशा आवाजात बोलल्या.

"मी माझ्या भावाची आणि भावजयीची आभारी आहे. सोमवारी माझ्या खांद्याची शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर दोन महिने मला काही उचलता येणार नाही. तेवढे दिवस आई या घरात राहणार आहे, आजपासून, म्हणून मी आभारी आहे. कपडे पिशवीत आहेत, औषधं बाजूच्या कप्प्यात. तिला दर तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. ती तुम्ही बदलून देणार, त्याबद्दलही मी आत्ताच आभार मानते."

भावाचा चमचा हवेतच राहिला होता.

"ताई, अगं, असं एकदम कसं, आम्हाला दोघांना ऑफिस असतं..."

"बाबा, मध्ये बोलायचं नसतं," भाची म्हणाली. "दगड आत्याकडे आहे."

"तसं नाही गं सोनू," भावजय मुलीला म्हणाली. "ताई, हे आपण नंतर शांतपणे..." तिचा आवाज प्रथमच जरा खरबरीत झाला होता.

बाईंनी दगड सोडला नाही. आता जर सगळे गप्पच बसले, तर पिशवी उचलून, आईला घेऊन, आल्या पावली परत जावं लागणार होतं, आणि ती पिशवी एका हाताने उचलायची ताकदही त्यांच्यात उरली नव्हती.

"स्वीकारलं," आई म्हणाली.

शब्द जड जिभेने हळू आला, पण सगळ्यांना नीट ऐकू आला.

"स्वीकारलं," भाची म्हणाली. मग तिने स्वतःच्या आईकडे पाहिलं, आणि बघतच राहिली. शेवटी भावजय पुटपुटली. सगळ्यात शेवटी भाऊ म्हणाला, तोही टेबलक्लॉथला उद्देशून. भाचीने उठून आत्याच्या वाटीत सूप वाढलं.

आता आईची पाळी होती. तिने चांगला हात पुढे केला, तेव्हा बाईंनी दगड तिच्या तळव्यावर ठेवला. दगडाच्या भाराने तो हात मांडीवर टेकला. आईने सगळ्यांकडे एकवार पाहून घेतलं.

"मी माझ्या मुलाची आभारी आहे," ती म्हणाली. "तो आता मला संडासला नेणार आहे."

बाई उठू लागल्या. त्यांनी ठरवून काही केलं नाही, इतक्या वर्षांची सवयच तशी, आईने नुसती मान हलवली तरी पाय आपोआप जमिनीला लागत. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि आईने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण लहानपणी एखाद्या गोष्टीला हात लावू नकोस म्हणून ती जशी बघायची, अगदी तशी. बाई खाली बसल्या.

"स्वीकारलं," या वेळी भाची एकटीच म्हणाली.

भाऊ उठला. चाकांचा ब्रेक कुठे असतो ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून खुर्ची जागच्या जागी दोनदा हिसडली. आईने बोटाने ब्रेक दाखवला. तो तिला घेऊन आत गेला, भावजय त्याच्या मागे धावली. आतून आईचा आवाज आला, "काखेत नाही, कमरेला धर." मग काहीतरी धडपडलं. मग पुन्हा आईचा आवाज, अजिबात घाई नसलेला, "पुन्हा धर."

भाची दाराकडे बघत होती. "आत्या, तू नाही जाणार?"

"नाही," मुकादमबाई म्हणाल्या.

या घरातल्या प्रत्येक जेवणात त्यांनी आधी आईला भरवलं होतं, तोंड पुसलं होतं, आत नेऊन आणलं होतं, आणि मग गार झालेलं ताट संपवलं होतं. "ताई, तू जेव ना," असं सगळे दरवेळी प्रेमाने म्हणत आणि जेवत राहत. बाईंनी डाव्या हाताने चमचा धरला. सूप थोडं सांडलं. गरम काही खाल्ल्याला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे पहिल्याच घोटाला त्यांची जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी त्या वाकड्या घडीच्या रुमालाला पुसलं आणि दुसरा चमचा फुंकर मारून घेतला.