स्टुलावरचं टिश्यूचं पाकीट

सिंगापूरमधलं आमचं विद्यापीठ इतकं नवं होतं की प्रयोगशाळेत रसायनांआधी भिंतीच्या रंगाचा वास यायचा. जगभरातून माणसं गोळा केली होती, मोठा मायक्रोस्कोप मात्र एकच. माझा इथे काम करायचा परवाना, म्हणजे पास, संपत आला होता. जिवंत पेशी हलताना दाखवता आल्या तर मुदतवाढ, नाहीतर चंबूगबाळं आवरून पुण्याला परत.

पेशी उबेच्या पेटीतून बाहेर काढल्या की लवकर मान टाकायच्या. मायक्रोस्कोपची वेळ संगणकावर नोंदवायची सोय होती, पण ती कोणीच मनावर घेत नसे. आमचे जर्मन संचालक ‘पाचच मिनिटं’ म्हणून बसत आणि उठायचं विसरत. आणि मी, पक्की पुणेकर असूनही, ‘बसा ना सर’ म्हणून मागे धुमसत उभी. माझा मलाच राग यायचा.

एका रविवारी तोआ पायोह भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मांडवात, शेजारणीबरोबर जेवायला गेले. तुडुंब गर्दी, आणि एक टेबल चक्क रिकामं. वर टिश्यूचं पाकीट. कोणीतरी विसरलं असेल म्हणून मी ते बाजूला सारून बसले, तशी शेजारणीने मला दंडाला धरून उठवलं. टेबल घेतलेलं आहे म्हणे. कोणी? टेबलापाशी तर कोणीच नव्हतं. पण ट्रे घेऊन चिनी, मलय, तमिळ माणसं जागा शोधत फिरत होती आणि त्या पाकिटाला एकही जण हात लावत नव्हता. हा नियम कोणी केला, हे शेजारणीला सांगता येईना. नूडल्स गार होईपर्यंत मी बघत राहिले.

सोमवारी मायक्रोस्कोपपुढच्या स्टुलावर पाकीट ठेवलं आणि पेशी आणायला गेले. जरा वेड्यासारखंच वाटत होतं. परत येते तर संचालक स्टुलाशेजारी उभे, हातात स्वतःचे नमुने. शेवटी तेही जेवायला हॉकर सेंटरमध्येच जात होते.

“हे तुझं?” त्यांनी विचारलं.

‘बसा ना सर’ अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी हो म्हटलं आणि बसले.

पेशी हलत होत्या. सरांनी उभ्यानेच वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे तू आता इथेच राहणार.”

माझे डोळे भरून आले. ते बघून सर बिचारे गडबडले आणि बाजूला ठेवलेलं माझंच पाकीट फोडायला लागले.

“ते नका फोडू सर,” मी ओढणीने डोळे पुसत म्हटलं, “माझं काम अजून व्हायचंय, जागा धरायला लागेल.”