मामीनं धरलेलं टोक

विठ्ठलमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दळण घेऊन नुकतीच घरात शिरले होते. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "ताई, आण्णा गेले... झोपेतच." पुढचं मला ऐकू आलं नाही. त्याला आता महिना उलटला. मामा एसटीत कंडक्टर होते आणि चारचौघांत मोठ्यानं बोलणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण आठवताना मला त्यांचा आवाज आधी आठवत नाही, त्यांचा उजवा खांदा आठवतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मामा नगर-श्रीरामपूर गाडीवर होते. बाजारचा दिवस, गाडी खचाखच भरलेली. मामा एका हातानं वरची दांडी धरून तिकिटं फाडत होते. तेवढ्यात मेंढरं आडवी आली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि मामांचा सगळा भार त्या एका हातावर आला. खांद्यात काहीतरी कट् झालं म्हणे. तरी घरी येईपर्यंत मामा प्रवाशांची थट्टा करत होते. रात्री मात्र त्या कुशीवर वळता येईना. गावातल्या चोळणाऱ्यानं मान आणि दंड चोळचोळ चोळले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मग मामीनं हात गळ्यात बांधला आणि अख्खा उन्हाळा हलू दिला नाही. अंघोळ ती घालायची, घास ती भरवायची. एवढ्या मायेनं जपलेला खांदा शेवटी असा धरला, की मामांना सदरा घालता येईना. डेपोत टेबलाच्या कामावर बसवायची बोलणी सुरू झाली. मामा हबकले. "माणसांबिगर मी काय करू तिथं?" असं म्हणताना त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मी नगरला कॉलेजात होते. मीच त्यांना तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी हात हळूहळू फिरवून पाहिला, खांद्याचे काढलेले फोटो पाहिले आणि समजावलं. खांद्यातला हाडाचा गोळा मोठा आणि त्याची वाटी उथळ. तो जागेवर राहतो तो भोवतालच्या चार लहान स्नायूंमुळे. त्यातला वरचा थोडा फाटला होता, सगळा तुटला नव्हता. ऑपरेशन बहुतेक लागणार नव्हतं, पण हात बांधून ठेवल्यानं सांधा आखडला होता. आधी हात सैल सोडून झुलवायचा, मग बोटांनी भिंत चढायची. हात जरा सुटला की सायकलची ट्यूब दाराच्या कडीला बांधून, कोपर अंगाला लावून, बाहेर ओढायची. कळ आली की थांबायचं. मामा प्रत्येक वाक्याला "व्हय बाई, व्हय बाई" करत होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामा, कडी कुठून आणणार?" आमचं शिंगणापूर. तिथं घरांना चौकट असते, दार नसतं. मामा म्हणाले, "आता त्या शिकल्याल्या बाईला काय सांगू, आमच्याकडं दारंच न्हाईत म्हनून?" झुलवणं झालं, भिंत चढून झाली, पण ट्यूब पडून राहिली. एकदा मामांनी ती बाजेला बांधली, तर बाजच त्यांच्यामागं सरकत आली. मामीला हसू आवरेना. हसून झाल्यावर ती चौकटीत बसली, पाय समोरच्या बाजूला रोवला, ट्यूबचं टोक मुठीत गुंडाळलं आणि म्हणाली, "वढा आता. मी हाय."

माझ्या सुट्ट्यांत मी हे रोज संध्याकाळी पाहिलं. मामा ओढायचे, मामी धरायची. ती मध्येच विचारायची, "कळ आली का?" आणि मामा कळ आली तरी "न्हाई" म्हणायचे, मग ती मुद्दाम टोक सैल सोडायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मामा कायम मुक्कामी गाडीवर. दोघं एवढा वेळ समोरासमोर बसली होती कुठं? ओढता ओढता मामा गाडीतल्या गमती सांगायचे. त्या संध्याकाळी त्या घरात जो आनंद होता, तो मी नंतर कुठल्याच सणाला पाहिला नाही.

पावसाळा सरता सरता मामा पुन्हा गाडीवर चढले. हात कानाला टेकत नव्हता, पण वरच्या घंटेच्या दोरीला पोचत होता. पहिल्या दिवशी मामी कुठंही जायचं नसताना गाडीत बसली. मामांनी तिला तिकीट फाडून दिलं, हात वर केला आणि डबल बेल मारली. मामी खिडकीबाहेर बघत राहिली, कुणाला डोळे दिसू नयेत म्हणून.

खांदा बरा झाला तरी मामा घरी असतील त्या संध्याकाळी तो परिपाठ मोडला नाही. ट्यूब झिजली की नवी यायची. मामा निवृत्त झाल्यावरही... दहावा झाल्यावर मी दोन दिवस राहिले. पहिल्याच संध्याकाळी मामी चौकटीत जाऊन बसली, पाय रोवला आणि दुसरं टोक माझ्याकडं केलं. मी ते धरलं आणि हलकेच ओढलं. मामीनं मान हलवली.

"अशी न्हाई गं. जोरात वढ. त्यांनी वढली की मी जाग्यावरनं हालायची."

मी दोन्ही हातांनी ओढली.