दुधातली उकड

आमची मोठी जाऊ ठकुबाई, घरात सगळे तिला आक्काच म्हणतात. म्हशींशी तासभर गप्पा मारेल, पण डॉक्टर दिसला की पदराचा बोळा तोंडाशी धरून गप्प. म्हणून तिच्यासोबत दवाखान्यात मीच जाते. माझं तोंड कुठंच बंद नसतं.

तिचा एकुलता एक मुलगा विपुल वडपे गावच्या गोदामात कामाला. लहानपणापासून जेवायला बसला की उठायचं नाव नाही. घासाला पाणी, घासाला पाणी. मी म्हणायचे, "अरे, जेवतोस का विहीर उपसतोस?" घास अडकला की आक्का दुधाचा पेला पुढं करायची. दुधानं सरकतं, असं तिचं ठाम मत.

गेल्या वर्षी गोदामात डबा खाताना मटणाचा तुकडा असा अडकला की स्वतःची थुंकीसुद्धा खाली जाईना. ठाण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून तुकडा काढला, आतले बारीक नमुने तपासायला पाठवले. अन्ननळीला ॲलर्जीची सूज निघाली, कित्येक वर्षांची.

"बऱ्याचदा दुधाचं असतं," बाई म्हणाल्या. "आधी दूध पूर्ण बंद करू. दही, ताक, तूप, सगळं. मग परत आत बघू."

आक्कानं मान डोलावली. त्या दिवसापासून पोरगा चहासुद्धा काळा प्यायला लागला.

दोन-तीन महिन्यांनी परत दुर्बीण घातली. सूज होती तशीच.

"मग दूध नसावं," बाई लिहायला लागल्या. "आता गहू, अंडी बंद करू. सुजेवरचं औषधही सुरू करू."

"बाय," आक्का पदराच्या बोळ्यातून म्हणाली, "भाकरीत हाय."

"काय आहे?"

"दूध. तांदळाच्या भाकरीची उकड मी दुधात काढते. पाण्याची भाकर त्याला गिळवत न्हाय. उकळल्यावर काय ऱ्हातंय, असं वाटलं."

विपुल तिच्याकडं वळला. "आये, तरीच एवढी मऊ लागायची."

"उकळून ॲलर्जी जात नाही हो," बाईंनी पेन खाली ठेवलं. "पण सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर याचं उगाच सगळंच खाणं बंद केलं असतं मी. आता खरोखर दूध बंद करून बघू."

येताना कशेळीला रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. आक्का बाहेर बघत म्हणाली, "सगळं माझ्याच हातचं. अडकलं तरी मीच पाजलं."

"मग म्हशींनापण घे गुन्ह्यात," मी म्हटलं. "तुरुंगात एकटी कशाला जातेस?"

आक्का खरंच दुसऱ्या दिवशी म्हशी विकायला निघाली होती, विपुलनंच अडवलं.

तेव्हापासून धार काढली की कोपरापर्यंत साबणानं हात धुते आणि मगच पिठाला लागते. उकड पाण्यातली. पुढच्या तपासणीत सूज उतरलेली दिसली, बाईसुद्धा खूश. पण आक्का अजून त्याच्या समोर बसते, प्रत्येक घासाला त्याच्या गळ्याकडं बघत. स्वतःची भाकरी गार.

परवा विपुलचं जेवण झालं. पाण्याचा तांब्या भरलेलाच होता. त्यानं तिच्या ताटातली भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि तिच्या हातावर ठेवली.

"आये, आता तू जेव. मी बघतो."

तिनं घास तोंडात घातला. चावतेय, चावतेय, डोळे भरलेले.

"गीळ की गं," मी म्हटलं. "आता तू नको विहीर उपसू."