चांगल्या सवयी आणि उलटे पाय

आर्णीजवळच्या एका तांड्यावर मी प्राथमिक शाळेत शिकवते. दर शनिवारी पुस्तकांची पेटी उघडायची आणि मुलांनी हवं ते पुस्तक निवडायचं, असा आमचा शिरस्ता. ‘हवं ते’ हे आपलं म्हणायला. मुलं गोष्ट बघायचीच नाहीत, जाडी बघायची आणि सगळ्यांत पातळ पुस्तकासाठी भांडायची.

चौथीतली एक मुलगी मात्र भांडत नसे. मिळेल ते घ्यायची आणि मी फळा पुसेपर्यंत परत आणून द्यायची. काय वाचलंस विचारलं की उत्तर ठरलेलं : कोणीतरी आळशी होतं, त्याला अद्दल घडली, मग ते सुधारलं. एकदा तिला पकडायचंच म्हणून तिनं परत केलेलं पुस्तक मी स्वतः वाचलं. त्यात एक आळशी कोल्हा होता. त्याला अद्दल घडली आणि तो सुधारला. मग मी पेटीतली बाकीचीही चाळली. पोरीचं काही चुकत नव्हतं.

तेव्हा मी तिला विचारलं, की घरी तुला काय करायला आवडतं? धाकट्या भावाला भेव दाखवायला, असं तिनं लगेच सांगितलं. अंधारून आलं की कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागे लपून ती असले आवाज काढायची, की तो ‘याडी, याडी’ करत आईला जाऊन बिलगायचा. सांगताना तिचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

माझ्या घरी मुलांसाठीच्या भुतांच्या गोष्टींचं एक पुस्तक होतं. अडचण होती मुख्याध्यापकांची. सर मूळचे वणीकडचे, स्वभावानं मऊ, पण भुतंखेतं शाळेच्या फाटकाबाहेरच राहिली पाहिजेत यावर ठाम. मग मला पेटीच्या तळाशी चांगल्या सवयींवरच्या एका पुस्तकाचं कव्हर सापडलं. आतली पानं उंदरांनी कधीच संपवली होती, पुठ्ठा तेवढा शाबूत. भुतं त्यात अगदी मापात बसली.

कव्हर बघून पोरीनं तोंड वाकडं केलं. आतलं पहिलं पान तेवढं वाच, एवढंच मी तिच्या कानात सांगितलं. त्या दिवशी शाळा सुटली तरी ती ओट्यावरून हलली नाही. सरांनी सायकल काढताना दोनदा वळून तिच्याकडे पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. मला हसू आवरेना.

सोमवारी परिपाठाला सरांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. या मुलीचा आदर्श घ्या म्हणाले आणि पुस्तकातून काय शिकलीस ते सांग, असा आग्रह धरला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी झेंड्याच्या खांबाकडे पाहू लागले.

“रात्री एकटं बाहेर जाऊ नये,” ती खड्या आवाजात म्हणाली. सरांनी मान डोलावली. “मागून कोणी आवाज देला तं वळून पाहू नये.” सरांनी पुन्हा मान डोलावली. “अनोळखी बाई भेटली, तं आधी तिच्या पायाकडे पाहावं.”

इथे सर थांबले. “पायाकडे काहून?”

“उलटे असतीन तं पळा लागते, सर.”

सरांनी पुस्तक मागून घेतलं, उघडलं आणि ते घेऊन सर ऑफिसात गेले. जेवणाच्या सुट्टीत मी बोलणी खायच्या तयारीनं आत गेले. डबा बंदच होता. सर पुस्तकात नाक खुपसून बसले होते. मी खाकरले तेव्हा ते दचकले, चांगलेच दचकले. मग चष्मा पुसत म्हणाले, की मॅडम, ते कव्हर काढून टाका, पोरांशी खोटेपणा बरा नाही. पुस्तक पेटीत राहू द्या. फक्त उद्यापासून, कारण त्यांच्या दोन गोष्टी अजून वाचायच्या राहिल्या होत्या.

त्यानंतर पेटी उघडण्याआधी मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारू लागले : काय आवडतं, आणि कशाचा कंटाळा येतो? एकाला ट्रॅक्टरशिवाय कशातच रस नव्हता. त्याच्यासाठी यंत्रांची चित्रं असलेलं जाडजूड पुस्तक आणलं, तर तो ते खांद्यावर घेऊन गेला. ती मुलगी आता स्वतःच पेटीजवळ उभी राहते. परवा पहिलीतलं एक पोरगं पुस्तक मागायला आलं, तेव्हा तिनं माझा कोणताच प्रश्न विचारला नाही. खाली वाकून हळूच म्हणाली, “तुले भेव कायचं वाटते, ते सांग आधी.”