टिकतो, असं मी म्हणाले

वसूच्या भावाचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात, बाळकुमच्या माझ्या घरी मटार सोलत होते. "ताई, वसू गेली," एवढंच तो म्हणाला. रडू नंतर आलं. आधी भीती वाटली. तिच्याशी शेवटचं बोलताना मी खोटं बोलले होते.

वसुधानं आणि मी डोंबिवलीच्या एकाच कॉलेजात उभा जन्म पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर लोक भजनाला जातात, आम्ही एक गणित घेऊन बसलो. लहान, तांबूस ताऱ्याभोवती फिरणाऱ्या खडकाळ ग्रहाला आपला हायड्रोजन धरून ठेवता येतो का? हायड्रोजन सगळ्यात हलका. ताऱ्याच्या किरणांनी तापला की निसटलाच. कित्येक दुपारी आकडेमोड करून वसूनं निकाल दिला: टिकतो! नौपाड्यातल्या एका आकाशप्रेमी मंडळात तिचं व्याख्यानही ठरलं. बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

मग ती आजारी पडली, आणि मला चूक सापडली. आम्ही ताऱ्याचा आजचा शांतपणा त्याच्या सगळ्या आयुष्यासाठी धरला होता. हे तारे तरुणपणी भयंकर तापट असतात. त्या माऱ्यातच ग्रह उघडा पडतो. पुस्तकातली किंमत सूत्रात घाला, असं वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बायकांनीच करावी अशी चूक... दवाखान्यात जाताना रिक्षात हेच डोक्यात घोळत होतं. सांगितलं तर ती खचेल, नाही सांगितलं तर...

नाकाला ऑक्सिजनची नळी होती. तिनं विचारलं, "अगं, तपासलंस ना? टिकतो?"

"टिकतो गं. तू आधी बरी हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." त्या 'बरं'ची मला अजून धास्ती वाटते.

ती गेल्यावर महिन्याभरानं तिच्या भावानं कागद न्यायला बोलावलं. तिच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर फुलस्केप पानं. ताऱ्याचं तापट तरुणपण धरून तिनं सगळं गणित नव्यानं केलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'टिकत नाही'. वर तारीख होती, दवाखान्यात भरती होण्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे मला विचारलं तेव्हा तिला उत्तर ठाऊक होतं. मी खरं बोलते का, एवढंच तिला बघायचं होतं की काय?

आमची पद्धत अशी, की तपासणारीनं खाली सही करायची. 'तपासले' असं लिहून तिनं माझ्यासाठी जागा सोडली होती. तिच्या खुर्चीत बसून मी एकेक ओळ तपासली. सगळं बरोबर आहे. सही मात्र मला अजून करवत नाही.